शाल-श्रीफळाच्या आधी डिस्चार्ज बुक

वाचकांचे प्रश्न

जानेवारी तोंडावर आला की माजी सैनिकांच्या सन्मानाबद्दल पत्रं येऊ लागतात. शाल कोणती, पाहुणा कोण, हे विचारणारी जास्त; नाव-हुद्दा बरोबर कसा लिहावा, हे विचारणारी थोडी. यंदा थोड्यांची संख्या वाढली, म्हणून या वेळी जागा त्यांना दिली आहे.

सिन्नर तालुक्यातून, ग्रामपंचायत सदस्य : गावात तीसेक माजी सैनिक आहेत. त्यांचा सत्कार दर वर्षी २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर दहा मिनिटांत उरकला जातो. वेगळा दिवस धरायचा तर कोणता?

१४ जानेवारी. हा सशस्त्र दलांचा माजी सैनिक दिन. भारतीय सेनेचे पहिले भारतीय प्रमुख के. एम. करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, त्यावरून ही तारीख आली आणि ती या नावाने पाळली जाते. दुसऱ्या दिवशी सेना दिन असतो. १९४९ साली १५ जानेवारीला याच करिअप्पांनी सेनेची सूत्रं हाती घेतली होती. दोन्ही तारखा एकाच माणसाच्या आणि लागोपाठच्या, त्यामुळे फलकावर हमखास गोंधळ होतो. १५ तारीख सेवेत असलेल्यांची, १४ घरी परतलेल्यांची, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आपल्याकडे खरी अडचण संक्रांतीची. दुपारी कार्यक्रम ठेवलात तर पोरं गच्चीवर आणि बायका वाणाच्या तयारीत. येवल्याकडे तर पतंगांचे तीन दिवस दुसरं काही सुचत नाही. शिवाय रस्त्यावर मांजा आडवा येत असताना ऐंशी वर्षांच्या माणसाला मोटारसायकलवर मागे बसवून आणणं धोक्याचं. पहाटे ठेवावं तर निफाड-सिन्नरच्या थंडीत म्हाताऱ्या माणसांचे गुडघे धरतात. सकाळी सव्वानऊला सुरू करून दहाला संपवा. खुर्च्या उन्हात मांडा. मांडव घालून जानेवारीचं ऊन अडवू नका.

बाकीच्या तारखांची कामं वेगळी आहेत. ७ डिसेंबर हा १९४९ पासूनचा ध्वजदिन, निधी गोळा करण्याचा. २६ जुलै आणि १६ डिसेंबर हे कारगिल आणि १९७१ चे विजयदिन. त्या लढायांत गेलेला कोणी गावातला असेल तर तो दिवस त्याचा. तोफखान्यातले निवृत्त जास्त असतील, आणि देवळाली-नाशिक रोडच्या आसपास ते असतातच, तर २८ सप्टेंबरचा गनर्स डे ते स्वतःच साजरा करत असतील. त्यात आपला कार्यक्रम घुसवू नका, आमंत्रण आलं तर जा.

नाशिक रोडहून, माध्यमिक शाळेचे शिक्षक : कार्यक्रमाचा क्रम काय असावा? मागच्या वर्षी सतरा पुष्पचक्रं झाली आणि दोन मिनिटांची स्तब्धता चाळीस सेकंदांत संपली.

सतरा पुष्पचक्रं म्हणजे सतरा वेळा चालत जाणं, थांबणं, फोटो आणि परत येणं. प्रत्येकाला दीड मिनिट धरलं तरी पंचवीस मिनिटं गेली. तीन पुष्पचक्रं पुरतात : पहिलं वीरपत्नी किंवा वीरमातेच्या हातचं, दुसरं वयाने सर्वांत मोठ्या माजी सैनिकाचं, तिसरं गावाच्या किंवा शाळेच्या वतीने. बाकी मान्यवरांनी एकेक फूल वाहावं. हे आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. आयत्या वेळी कुणाच्या हातातलं पुष्पचक्र काढून घेता येत नाही.

क्रम असा ठेवा. सव्वानऊला सगळे जागेवर. मग नावांचं वाचन. हुद्दा, नाव, पलटण एवढंच सावकाश वाचलं तर एका नावाला सात-आठ सेकंद लागतात, म्हणजे तीस नावांना चार मिनिटं. त्यानंतर पुष्पचक्रं. मग बिगुलावर लास्ट पोस्ट ही निरोपाची धून, साधारण सव्वा मिनिट. ती संपली की स्तब्धता आणि राउज, म्हणजे जागवण्याची धून, वाजली की स्तब्धता संपली. राष्ट्रगीत शेवटी, पूर्ण गायलं तर ५२ सेकंद. भाषण ठेवायचंच असेल तर स्तब्धतेनंतर, राष्ट्रगीताच्या आधी ठेवा. सुरुवातीलाच ठेवलंत तर नावं वाचायला वेळ उरत नाही.

स्तब्धता आखडते कारण ती संपवायची कोणी हे ठरलेलं नसतं. सूत्रसंचालक अंदाजाने ‘धन्यवाद’ म्हणून मोकळा होतो. शांततेत उभं राहिलेल्या माणसाला चाळीस सेकंदही दोन मिनिटांसारखे वाटतात, यात त्याचा दोष नाही. एका माणसाच्या हातात घड्याळ द्या, त्याने बिगुलवाल्याला मानेने खूण करावी. शिट्टी नको. बिगुल वाजवणारा शाळेच्या बँडात किंवा एनसीसीत मिळाला तर उत्तम. नसेल तर ध्वनिमुद्रण चालेल, पण मोबाइल विमान मोडवर टाकूनच भोंग्याला जोडा, नाहीतर लास्ट पोस्टच्या मधोमध कुणाचा तरी फोन वाजतो. देवळालीकडून लष्करी बँड किंवा बिगुलर मागायचा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत लेखी विनंती करा आणि दीड-दोन महिने हातात ठेवा. लष्कराची स्वतःची कामं आधी. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका.

दोन बारीक गोष्टी. आपल्याकडे स्मारकापाशी चपला काढायची सवय आहे. पण ब्लेझर, पदकं आणि बूट घालून आलेल्या माजी सैनिकाला बूट काढायला लावू नका, त्याच्या शिस्तीत ते बसत नाही. आणि सत्कारासाठी त्याला पायऱ्या चढवून व्यासपीठावर आणण्यापेक्षा पाहुण्यांनी खाली उतरावं.

सुरगाणा तालुक्यातून, आश्रमशाळेतील शिक्षिका : कॅनडात मूळनिवासी माजी सैनिकांसाठी ८ नोव्हेंबर हा वेगळा दिवस असतो असं वाचलं. आपल्या आदिवासी माजी सैनिकांसाठी असं काही करावं का? सुरुवात कुठून करावी?

तो दिवस का निघाला हे आधी समजून घ्या, म्हणजे इथे काय करायचं ते आपोआप ठरेल. कॅनडात ११ नोव्हेंबरचा स्मरणदिन पहिल्या महायुद्धापासून आहे. १९१८ साली त्या दिवशी सकाळी अकराला शस्त्रसंधी झाली. फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट समाजांतले हजारो लोक दोन्ही महायुद्धांत आणि कोरियात लढले. परत आल्यावर गोऱ्या सैनिकांना जमीन, कर्ज, सवलती मिळाल्या. यांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. फर्स्ट नेशन्सच्या लोकांना आपला कायदेशीर दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देता येऊ लागलं ते १९६० मध्ये. फ्रान्सिस पेगामागाबो हा ओजिब्वे नेमबाज पहिल्या महायुद्धात तीनदा मिलिटरी मेडल मिळवून आला आणि पुढे आयुष्यभर आपल्या लोकांच्या हक्कांसाठी सरकारशी भांडत राहिला. १९९४ मध्ये विनिपेग शहरात ८ नोव्हेंबर पहिल्यांदा पाळला गेला. तो ११ नोव्हेंबरच्या बदल्यात नाही. तीन दिवस आधी आहे आणि हे लोक दोन्ही दिवस उभे राहतात. समारंभात ध्वजांच्या पुढे गरुडाच्या पिसांचा दंड चालतो, ढोलावर सन्मानगीत होतं. म्हणजे रीत त्यांची, सरकारने ठरवून दिलेली नव्हे.

आपल्याकडे इतिहास वेगळा आहे, तारीख जशीच्या तशी उचलू नका. पण आदिवासी सैनिक नजरेआड राहतो ही गोष्ट इथलीही आहे. लान्स नायक अल्बर्ट एक्का, १४ गार्ड्स, गुमला जिल्ह्यातला आदिवासी जवान : ३ डिसेंबर १९७१ ला गंगासागरच्या लढाईत पडला, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पहिल्या महायुद्धात रांचीकडचे मुंडा, उरांव, संथाळ आणि ईशान्येकडचे नागा मजूर पलटणींतून फ्रान्सला गेले. रस्ते बांधले, लाकूड तोडलं, खंदकांमागची हमाली केली. ते ‘सैनिक’ या शब्दात बसत नाहीत म्हणून पाटीवरून सुटतात.

तुमच्याकडची यादी गावातूनच उभी करावी लागेल. एक वही घ्या आणि पाड्यापाड्यावर जा. प्रत्येक घरी तीन कागद विचारा : डिस्चार्ज बुक म्हणजे सेवेतून सुटताना मिळालेली पुस्तिका, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, आणि माजी सैनिक ओळखपत्र. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख, पदकं, हे सगळं डिस्चार्ज बुकात असतं. तेच प्रमाण माना. गावात सांगतात ते दुसऱ्या रकान्यात. फरक पडतोच. भरतीच्या वेळी लेखनिकाने नाव आणि बापाचं नाव लिहिलं, आडनाव गळालं. घरात सगळे गावित किंवा भोये, पण कागदावर नुसतं ‘सोमा रावजी’. अशा वेळी फलकावर कागदावरचं नाव लिहून पुढे आडनाव जोडा, पण कागदात दुरुस्ती करायला जाऊ नका. ते काम घरच्यांनी रेकॉर्ड ऑफिसशी करायचं असतं आणि त्यात चूक झाली तर पेन्शन अडकते.

यादीत तीन भाग पाडा. पहिला भाग भूदल, नौदल, हवाईदल; सरकारच्या व्याख्येतले माजी सैनिक हेच. दुसरा भाग बीएसएफ, सीआरपीएफ आणि राज्य राखीव पोलिसांतले. तुमच्या तालुक्यात हे पुष्कळ निघतील. सवलतींच्या हिशेबात ते वेगळे, पण गावाने मान द्यायला व्याख्येची अडचण नाही. फक्त एकाच मथळ्याखाली मिसळू नका. पोलिसांचा स्वतःचा स्मृतिदिन २१ ऑक्टोबरला असतो. तिसरा भाग स्वयंपाकी, खेचरवाले, भिस्ती, डोलीवाले, मजूर. जुन्या पिढीतला असा कुणी सापडला तर त्याचं काम लिहा, ‘सैनिक’ असं वाढवून लिहू नका. ‘खेचरवाला, तोफखाना’ हे पुरेसं मोठं आहे.

काही जण म्हणतील, राघोजी भांगरेंचं नावही याच फलकावर घ्या. घेऊ नका. राघोजी इंग्रजांविरुद्ध लढले आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. त्यांचा फलक वेगळा हवा. ज्या फौजेविरुद्ध ते उठले तिच्यात नोकरी केलेल्यांच्या रांगेत त्यांना बसवणं दोघांवरही अन्याय आहे.

दिवस म्हणाल तर १४ जानेवारी सगळ्यांबरोबर आणि आदिवासींचा म्हणून जो दिवस तुमच्याकडे आधीच भरतो, ९ ऑगस्ट किंवा १५ नोव्हेंबर, त्यात नावांचं वाचन. नवा दिवस काढला तर पहिल्या वर्षी शाळा भरेल, तिसऱ्या वर्षी खुर्च्या रिकाम्या राहतील. नावं वाचणारा कुकणा बोलणारा असावा, नाहीतर नावांचे उच्चार मोडतात आणि घरच्यांना आपलंच माणूस ओळखू येत नाही. पावरी वाजवायची का, घराण्याच्या चिऱ्याजवळ काही करायचं का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांनी नको म्हटलं तर नको. यादी पूर्ण झाली की तिची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक टपालाने नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. सुरगाण्याहून तिथे जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो, टपाल बरं.

निफाड तालुक्यातून, सेवानिवृत्त मुख्याध्यापक : जुन्या शाळेच्या भिंतीत इंग्रजी संगमरवरी पाटी आहे. ‘या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके मरण पावले’ असा मजकूर आहे. वर चुन्याचे थर आहेत. साफ कशी करावी? आणि वर्ष १९१४–१९१९ लिहिलं आहे, ते चुकलं आहे का?

वर्ष चुकलेलं नाही. लढाई १९१८ च्या नोव्हेंबरात थांबली, तह जून १९१९ मध्ये झाला, म्हणून तशी वर्षं कोरली. अशा ठरावीक मजकुराच्या पाट्या देशभरातल्या गावांत बसवल्या गेल्या. नावं नाहीत, नुसते आकडे.

सफाईच्या आधी काय करायचं नाही ते. ॲसिड नाही, संडास साफ करायचं द्रावण नाही, लिंबू-चिंच-व्हिनेगर काहीही नाही. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच दगड. आंबट काहीही लागलं की तो फसफसून विरघळतो. पाटी दहा मिनिटांत पांढरीशुभ्र दिसते आणि अक्षरांच्या कडा कायमच्या गेलेल्या असतात. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, प्रेशरचं पाणी हेही नाही. अक्षरांत शिसं भरलेलं असेल तर खरवडण्याने ते निसटतं.

आता करायचं ते. आधी फोटो : समोरून एक, आणि रात्री दिवे घालवून टॉर्च पाटीच्या कडेला भिंतीसरशी धरून चार. तिरक्या उजेडात पुसट अक्षरांच्या सावल्या पडतात आणि चुन्याखालचा मजकूरही वाचता येतो. नुसता मजकूरच हवा असेल तर काम इथेच झालं. चुना काढायचाच असेल तर खालच्या कोपऱ्यात चार बोटांएवढ्या जागेवर आधी करून पाहा. जुनी सुती साडी किंवा धोतर साध्या पाण्यात भिजवून त्या जागेवर थापा, वर प्लॅस्टिक लावून दोन-तीन तास ठेवा. चुना फुगला की बांबूच्या चपट्या कामटीने, कडेकडेने, उचलत काढा. मग नायलॉनचा मऊ ब्रश आणि पाणी. तेलकट मळ असेल तर पाच लिटर पाण्यात छोटा चमचाभर सौम्य द्रव साबण, नंतर दोनदा स्वच्छ पाणी. दोन बाय तीन फुटांच्या पाटीला दोन माणसं, अर्धा दिवस आणि दहा-पंधरा लिटर पाणी लागतं. पाणी नेहमी खालून वर लावत जा. वरून ओतलं तर मळाचे ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात. ऑइल पेंटचे थर असतील तर मात्र हात लावू नका, ते जाणकाराचं काम.

कोपऱ्यांत तपकिरी डाग दिसला तर आतली लोखंडी खीळ गंजते आहे. गंज फुगतो आणि दगड तिथून तडकतो. पाथरवटाकडून ती काढून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची बसवून घ्या, सांधे चुन्याने भरा. सिमेंट नको, त्यातले क्षार संगमरवरात शिरतात. अक्षरांना नवा काळा रंग भरायचा उत्साह आवरा. शेजारी मराठी मजकुराची वेगळी पाटी लावा, ती जास्त वाचली जाईल. हे सगळं ग्रामसभेच्या ठरावाने करा, शाळा जिल्हा परिषदेची असेल तर त्यांनाही लेखी कळवून.

आणि नावं. मरण पावलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू त्यांच्याकडे आहेत. गावाचं नाव इंग्रजांच्या जुन्या स्पेलिंगने टाका, नाशिकसुद्धा आधी ‘Nasik’ असं लिहीत. एका स्पेलिंगने मिळालं नाही म्हणून सोडू नका, चार प्रकारे लिहून पाहा. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या, त्यामुळे बसरा स्मारकाचा उल्लेख निघण्याची शक्यता मोठी. त्या स्मारकाच्या दगडावर अधिकाऱ्यांची नावं आहेत, हिंदी शिपायांचे नुसते आकडे. तुमच्या गावातल्या पाटीसारखंच.

जे जिवंत परतले त्यांची नावं या यादीत मिळणार नाहीत. ती घरातल्या पदकांवर शोधा, पुढचं उत्तर त्याबद्दलच आहे.

पंचवटीहून, गृहिणी : आजेसासऱ्यांची दोन जुनी पदकं पेटीत सापडली. एक काळसर तांब्यासारखं आहे. चकचकीत करून १४ जानेवारीला घालावीत का?

चकचकीत करू नका, आधी वाचा. पदकाच्या काठावर, नाण्याला जिथे रेघा असतात तिथे, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग आणि तिरका उजेड घेऊन लिहून काढा. चिंच, राख, ब्रासो यांनी दर दसऱ्याला घासलेल्या पदकांचा काठ गुळगुळीत होतो आणि घराण्याचा एकमेव पुरावा जातो. मऊ सुती कापडाने कोरडं पुसलं की झालं. फीत कुजली असेल तर काढून वेगळी जपा आणि नवी लावा.

तांब्यासारखं पदक पहिल्या महायुद्धाचं असेल, एका बाजूला राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नग्न पुरुष, तर ते फार बोलकं आहे. हे पदक लढणाऱ्यांना चांदीचं मिळालं. मजूर पलटणीतल्या लोकांना काशाचं. तुमचे आजेसासरे बहुधा मजूर पलटणीत होते. काठावरची अक्षरं नक्की काय ते सांगतील.

घालायची तर उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने पदक कमावलं त्याची. एका वेळी घरातल्या एकानेच घालावीत.

दिंडोरी तालुक्यातून, शाळेतील हरितसेना प्रमुख : परदेशात लाल पॉपी लावतात. आम्ही शाळेच्या बागेत खसखशीचं बी पेरून फुलं तयार करावीत म्हणतो.

पेरू नका! खसखस अफूच्या झाडाची. परवान्याशिवाय ते झाड लावणं १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे, बाग शाळेची असली तरी. स्मरणदिनाची लाल पॉपी ही वेगळी, शेतातलं तण असलेली जात. तोफांनी उकरलेल्या फ्लँडर्सच्या मातीत ती उगवली म्हणून ती तिथली खूण झाली.

आपल्याला झेंडू आहे. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशननेही भारतीय स्मरणाचं फूल म्हणून झेंडूच पुढे केला. छातीवर लावायचं तर एक लहान फूल, पाठीमागे छोटं पान आणि सेफ्टी पिन. टाचणी नको, लहान मुलांना टोचते.

पुष्पचक्र मुलांकडून करून घ्यायचं असेल तर बुरुडाकडून दोन फूट व्यासाचं बांबूचं कडं आणा. त्यावर ओला पेंढा मनगटाएवढा जाड गुंडाळून सुतळीने आवळा. आधी अशोकाची पानं बाहेरच्या बाजूला, मग मध्यम झेंडूच्या तीन ओळी. एका ओळीला तीस-बत्तीस फुलं बसतात, म्हणजे शंभराच्या आसपास, वजनात किलोभर. गुलाब तुमच्या मोहाडी-जानोरीला शेजारीच आहेत, पण उघड्यावर ते दोन तासांत मान टाकतात; वरच्या बाजूला पाच-सहा लावा, सगळं चक्र गुलाबाचं करू नका. आदल्या संध्याकाळी बांधा, रात्री ओल्या गोणपाटाखाली उघड्या पडवीत ठेवा. थर्मोकोल नको, महाराष्ट्रात २०१८ पासून थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आहे, आणि वाऱ्याने ते पडतंही. मागे तिरका टेकू हवाच. टेकू विसरला की पुष्पचक्र पायरीवर आडवं ठेवावं लागतं आणि समोरच्यांना दिसत नाही.

नाशिकहून, फलक रंगवणारे : ‘शहीद’, ‘माजी’, ‘रिटायर्ड’, काय लिहायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

हुद्दा आधी, मग नाव, मग कंसात निवृत्त. ‘सुभेदार अमुक अमुक (निवृत्त)’. ‘निवृत्त सुभेदार’ नको. निवृत्त माणूस होतो, हुद्दा नाही. ऑनररी हुद्दा मिळाला असेल तर तोच लिहा, ‘ऑनररी कॅप्टन’ झालेल्याला सुभेदार मेजर लिहिलं की तो काही बोलत नाही, पण फलकाकडे परत बघत नाही. रणगाडा दलात हवालदाराला दफेदार म्हणतात, हवाईदलात हवालदार नसतोच, सार्जंट असतो. तोफखान्यातल्या साध्या जवानाला ‘गनर’. सगळ्यांना ‘जवान’ लिहून मोकळं होण्यात काही हशील नाही.

‘शहीद’ लोकांच्या तोंडी आहे आणि राहील, पण सेनादलांच्या अधिकृत भाषेत तो नाही. सेनेने २०२२ मध्ये आपल्या विभागांनाही ‘मार्टर’ न वापरण्याबद्दल लिहिलं होतं. फलकावर ‘वीरगती’ किंवा ‘कर्तव्यावर असताना मृत्यू’, खाली ठिकाण आणि तारीख. आजाराने किंवा अपघातात गेलेल्याला लढाईत पडल्याचं लिहू नका. त्याच्या पलटणीतले कुणी ना कुणी कार्यक्रमाला असतं.

देवळाली कॅम्पहून : स्मरणदिनी सोसायटीतला तिरंगा अर्ध्यावर उतरवावा का?

नाही. अर्ध्यावर आणण्याचा आदेश सरकार देतं, आपण ठरवायचं नसतं. पूर्ण उंचीवर फडकवा. स्मारकाच्या अनावरणासाठी त्यावर तिरंगा पांघरू नका, झेंडासंहितेत ते चालत नाही. साधं भगवं किंवा पांढरं कापड वापरा. ध्वजदिनाचा लाल, गडद निळा, फिकट निळा पट्टा तिन्ही दलांचा आहे, तो हवा तिथे लावता येतो.

सटाण्याहून, महिला बचतगट : आमच्या गटात एक वीरपत्नी आहेत. १४ तारखेला सन्मान आणि संध्याकाळी हळदीकुंकू. त्यांना बोलवायचं की नाही यावर दोन तट पडले.

बोलवायचं. सकाळी पहिलं पुष्पचक्र ज्यांच्या हातून ठेवायचं, त्यांना संध्याकाळी दाराबाहेर ठेवायचं, हे जमणार कसं? पण कुंकू लावताना आधी त्यांना एकटीला विचारा, सगळ्यांसमोर नको. काहींना हवं असतं, काहींना नको असतं आणि दोन्ही त्यांचं. नको म्हणाल्या तर तिळगूळ आणि वाण इतरांसारखंच द्या. हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर राज्य सरकारनेही परिपत्रक काढलं; तटातल्या दुसऱ्या बाजूला दाखवायला ते उपयोगी पडेल.

सत्कारात त्यांना साडी देणार असाल तर पांढरी किंवा फिकटच आणायची असा नियम नाही. रंग विचारून आणा.

सातपूरहून : कार्यक्रम झाल्यावर पुष्पचक्रं कधी उचलावीत? गेल्या वर्षी महिनाभर तशीच सुकत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी. एका माणसाचं नाव आधीच ठरवून ठेवा, नाहीतर उचलायचं कोणी यावर महिना जातो. फितीवरचं नाव काढून घरच्यांना हवं असेल तर द्या, फुलं-पानं-पेंढा कंपोस्टला. गोदावरीत सोडू नका. बांबूचं कडं आणि टेकू धुऊन वाळवून ठेवला तर सात-आठ वर्षं चालतो.